दुधरामच्या डोक्यावरचा कट्टा

एखाद्या माणसाला एकच गोष्ट किती वेळा सांगावी, याला काही मर्यादा असावी की नाही? मी दुधरामला सांगून सांगून थकलो. मंडईत सांगितलं, तो चक्कीवर दळण घेऊन आला की सांगितलं, एकदा तर देवरीच्या बसमध्ये दांड्याला लोंबकळत सांगितलं. दरवेळी तो मान खाली घालून ऐकायचा, हसायचा आणि म्हणायचा, ''कायले मजाक करून राहिले भाऊ?'' मग माझं डोकं फिरायचं.

माझं नाव डोमनलाल. देवरीच्या पुढं, रस्त्यापासून आत, हिरडीटोल्यात माझी आटाचक्की आहे. पण लोक मला ओळखतात ते दंडारीमुळं. दिवाळी सरली की आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, घराघरांत पाहुणे उतरतात, शिंगाड्याच्या आणि उसाच्या गाड्या लागतात, आणि भरदुपारी पटांगणात गावचीच माणसं दंडार करतात. गाणी, नाच आणि त्यात ओवलेली एखादी राजाराणीची गोष्ट. आमच्या गावची दंडार माझ्या बापानं सुरू केली. मरताना त्यानं शेतीबद्दल एक शब्द काढला नाही. दंडार बंद पडू देऊ नको, एवढंच म्हणाला. तेव्हापासून ती माझ्या गळ्यात आहे.

दुधराम माझ्याच वयाचा. दुसऱ्याचं धानाचं शेत ठेक्यानं करतो. अंगानं धिप्पाड, पण रस्त्यात कुत्रं आडवं झोपलेलं असलं तर स्वतः वळसा घालून जाणारा. पाठांतराच्या नावानं शिमगा. दोन ओळी दिल्या तर पहिली विसरतो आणि दुसरी आधी म्हणतो. म्हणून मी त्याला पहारेकरी करायचो. हातात भाला घेऊन मागं उभं राहायचं, बस. आणि इथंच सगळा घोटाळा होता. तो नुसता उभा राहिला तरी लोक दुसऱ्या कोणाकडं बघायचे नाहीत.

एका वर्षी राणी मरते असा प्रसंग होता. राजा छाती बडवून रडतोय, पेटी रडतेय, आणि बायाबापड्या खुशाल शेंगा सोलत बसलेल्या. तेवढ्यात मागं उभ्या दुधरामला श्रावणात मेलेला आपला बैल आठवला. त्यानं फक्त एकदा आवंढा गिळला. सगळ्या बायांचे पदर डोळ्यांना गेले. मी पडद्यामागून पाहिलं, माझ्या अंगावर काटा आला. नंतर त्याला मिठी मारून सांगितलं, तर म्हणाला, ''धूळ उडून राहिली होती ना भाऊ, सगळ्याइच्याच डोळ्यात गेली.'' दुसऱ्या वर्षी त्याला राक्षस केला, तर पुढं बसलेली पोरं भ्यायची सोडून सरकत सरकत त्याच्या पायाशी येऊन बसली. दुधरामला विचारलं, तर म्हणे आपली मिशी सुटत होती, ती बघायला आली असतील.

राजा मात्र कायम मुन्नालाल. त्याचं किराणा दुकान आहे, मंडप त्याचा, पेटी त्याची, म्हणून मुकुटही त्याचाच. माणूस वाईट नाही, पण बोलायला लागला की थांबत नाही. लोक आपल्याकडं बघत नाहीत हे त्याला कळायचं आणि खेळ संपला की तो दुधरामवर घसरायचा: तू मागं काहीतरी करतोस, आमची दंडार खराब करतोस. आता गंमत बघा. मी वर्षानुवर्षं कौतुक केलं त्यावर विश्वास नाही, आणि मुन्नालालनं दिलेली शिवी मात्र याला पटली. मागच्या मंडईनंतर दुधरामनं जाहीर केलं, आता आपण उभं राहणार नाही.

हे झालं आणि पुढच्या दसऱ्याला, दोन हजार नऊ साली, हनुमानाच्या देवळात बैठक बसली. तरण्या पोरांचं म्हणणं सरळ होतं. मागच्या साली अर्धे लोक दंडार सोडून उठून गेले, बाजूच्या गावात गोंदियाचा आर्केस्ट्रा आला होता तिकडं पळाले. या साली पुन्हा लोक उठले, तर पुढच्या सालापासून आपणही आर्केस्ट्रा आणायचा आणि दंडार बंद. म्हाताऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी ठीक आहे म्हणालो, दुसरं काय म्हणणार? घरी आलो आणि जेवलो नाही.

माझी लेक सोनिका तेव्हा कॉलेजात जायची, पण संध्याकाळ झाली की लहान पोरासारखी टीव्हीपुढं मांडी ठोकायची. हिंदीत बोलणारं एक जपानी कार्टून लागायचं. त्यातल्या नायकाचं नाव कोणालाच धड म्हणता येईना, म्हणून आमच्या घरी तो हमालच झाला. तो सरदारांची पडशी उचलून त्यांच्या मागं मागं चालायचा. जंगलातून राक्षस यायचा, सरदार तलवारी उपसायचे, राक्षसाची नजर मागच्या हमालावर पडायची, आणि तो शेपूट घालून पळायचा. सरदार आपापसांत पाठ थोपटून घ्यायचे. हमाल पण टाळ्या वाजवायचा! मालक किती शूर, म्हणून! मी पहिल्याच दिवशी टीव्हीवर ओरडलो, अरे मूर्खा, तुला भिऊन पळाला तो. दुसऱ्या दिवशीही ओरडलो. डोंगर खचला आणि यानं खांदा लावून धरला, तरी म्हणतो, दगड हलकेच असतील. माझा जीव नुसता कासावीस व्हायचा, आणि तरी रोज त्याच वेळेला चक्की बंद करून मी घरी हजर.

''बाबूजी,'' सोनिका एकदा म्हणाली, ''हा त आपला दुधरामकाका होय.''

माझा घास हातातच राहिला. पोरगी खरं बोलत होती. त्याच आठवड्यात तो भाग आला ज्यात एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा हमालाला सगळं सांगणार होता. आदल्या दिवसापासून त्याची जाहिरात चालली होती. मी बायकोला सांगून ठेवलं, आज मला हाक मारायची नाही. म्हातारा आला, दगडावर बसला, हमालाला समोर बसवलं, तोंड उघडलं, आणि गावची लाईट गेली. लोडशेडिंग. मी अंधारात बसून जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

लाईट काही आली नाही, पण सोनिकाच्या डोक्यात भलतंच आलं. हीच गोष्ट दंडारीत घ्या, शेवट तुम्ही लिहा. मग काय, मी लिहिला. राजा फुशारक्या मारतोय, मागं हमाल डोक्यावर बोझा घेऊन उभा आहे, आणि दाढीवाला बाबा येऊन भर सभेत सांगतो की राजा, राक्षस तुला नाही, याला भिऊन पळाला. बाबा मीच होणार होतो. मनात म्हटलं, एरवी सांगून कळत नाही ना? आता साऱ्या गावासमोर, दाढी लावून सांगतो.

दुधरामला राजी करणं हेच मोठं काम होतं. तो हात जोडायला लागला. मी म्हटलं, बाबा, संवाद नाही, नाच नाही, फक्त बोझा घेऊन उभं राहायचं. त्यावर त्याची बायको नंदाबाई आतून म्हणाली की बोझा उचलणं तरी जमेल ना तुम्हाला. त्यानं थोडा विचार केला.

''बोझा उचलता येते मले,'' तो म्हणाला.

त्याच्या तोंडून स्वतःबद्दल ऐकलेलं तेवढंच एक चांगलं वाक्य. मी लगेच उठलो, त्याचा विचार बदलायच्या आत.

तालमीसाठी सोनिकानं धानाच्या कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, तनसाचा वाळला पेंढा भरला आणि कट्टा वरून शिवला. दिसायला धानानं भरलेला कट्टा, वजनाला उशी. दुधराम तो डोक्यावर घेऊन उभा राहिला, आणि काहीच झालं नाही. पहिल्यांदाच मला तो नुसता एक उंच माणूस दिसला. दुसऱ्या दिवशीही तेच. मान ताठ धर म्हटलं की खांबासारखी धरायचा, दमल्यासारखं कर म्हटलं की खोकायचा. मुन्नालाल मुकुटाखालून हसत होता. घरी जाताना मला पहिल्यांदा शंका आली, इतकी वर्षं मीच तर वेडा नव्हतो? ती रात्र वाईट गेली. दुधराम मात्र रोज माझी माफी मागायचा, त्यामुळं आणखीच संताप यायचा.

मंडईचा दिवस उजाडला. पटांगण दुपारी गच्च भरलं. पण मला लोकांचा भरणा दिसत नव्हता, मला मागं हाताची घडी घालून उभी असलेली आर्केस्ट्रावाली पोरं दिसत होती. गण झाला, गवळण झाली, तोवर सगळं ठीक. मग मुन्नालाल मुकुट घालून आला. पाहुण्यांत त्याचे देवरीचे व्याही बसले होते. ते दिसल्यावर त्याच्या अंगात आलं. मी लिहिलेलं भाषण संपलं, त्यानं स्वतःचं सुरू केलं. राक्षसाला कसा धरला, कसा आपटला, मग पूर्वजांची कीर्ती, मग तलवारीचं वर्णन. कडेची माणसं उठायला लागली. पाच-सहा बाया शिंगाड्याच्या गाडीकडं निघाल्या. मागच्या पोरांपैकी एकानं माझ्याकडं बघून मान हलवली. मी पडद्याआड दाढी हातात धरून उभा, आणि बाप डोळ्यासमोर.

तेवढ्यात पुढं बसलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, ''उतरवा ना बाप्पा त्याले.''

मी दुधरामकडं पाहिलं. मुन्नालालच्या मागं तो कट्टा घेऊन उभा होता. मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, गुडघे बारीक थरथरत होते, घाम हनुवटीवरून पडत होता आणि नजर समोर कुठंतरी लांब. मला आधी वाटलं, शेवटी जमलं की याला! मग लक्षात आलं. तो तनसाचा कट्टा नव्हताच.

नंतर कळलं ते असं. सगळे जेवायला गेले तेव्हा मुन्नालालच्या बैलांनी तो कट्टा ओढून फाडला आणि तनस खाऊन टाकलं. दुधरामनं पाहिलं, खेळ तोंडावर आला होता, कोणाला त्रास नको म्हणून तो गुपचूप घरी गेला आणि नव्या धानाचा भरलेला कट्टा घेऊन आला. बोझा घेऊन उभं राहा म्हटलं होतं ना मी? राहिला. राजाचं भाषण लांबलं, तर हाही उभाच.

आता आमच्या भागात कोणाच्या डोक्यावर किती वजन आहे हे कोणाला सांगावं लागत नाही. पटांगणातला एकूण एक माणूस धानाखाली वाकलेला. आणि आमच्यात एक रीत आहे. डोक्यावर बोझा असलेला माणूस समोर दिसला की त्याला बोलत उभा ठेवायचा नाही. आधी हात लावून बोझा उतरवायचा, मग काय ती बातचीत. माझ्या चक्कीवर तर भांडण असलेले भाऊभाऊसुद्धा एकमेकांच्या कट्ट्याला हात लावतात, आणि कट्टा खाली आला की पुन्हा तोंड फिरवतात. त्या दिवशी दंडार आहे, खेळ आहे, हे लोक साफ विसरले. शिंगाड्याकडं गेलेल्या बाया परत फिरल्या. दोन म्हातारे काठी टाकून उठले आणि सरळ खेळात शिरले. मागून कोणीतरी म्हणालं, ''राजेसाहेब, भाषण मंग करा. पहिले हात लावा.''

मुन्नालालनं वळून पाहिलं. राजा असला तरी तो दुकानदार. जन्मभर पोती उचललेली. त्याचं भाषण अर्ध्यात तुटलं. काही विचार न करता त्यानं तलवार खाली टाकली, पुढं झाला, खांदा दिला, आणि म्हाताऱ्यांच्या साथीनं हमालाच्या डोक्यावरचा कट्टा अलगद जमिनीवर उतरवला. वाकताना त्याचा मुकुट पडला, तो त्यानं उचललासुद्धा नाही. मी पंचवीसेक कथा बसवल्या असतील, राजानं हमालाचा बोझा उतरवावा असं मला कधी सुचलं नाही.

मी दाढी लावली आणि आत गेलो. भाषण मला पाठ होतं, पण तोंडातून निघालं ते घरचंच. ''पाह्य,'' मी म्हणालो, ''चारही बाजूनं पाह्य. एवढे लोक कोणासाठी उठून आले? तुह्यासाठी. तुह्यात काय हाय ते तुलेच माहीत नाही, आणि सांगून सांगून माहा जीव गेला.''

दुधरामनं चारही बाजूंनी पाहिलं. त्याला दिसलं ते एवढंच, की माणसं खेळात घुसली आहेत, मुकुट धुळीत पडला आहे आणि राजाचं भाषण मोडलं आहे. त्याचा चेहरा पडला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तो माझ्या पायाशी वाकला.

''माफ करा भाऊ,'' तो म्हणाला. ''मी खराब केलं सगळं.''

लोकांना वाटलं, हमाल बाबाला म्हणतोय. बाया हुंदके देऊन रडल्या. मुन्नालालचे व्याही रडले. मागची घडी घातलेली पोरं घडी सोडून डोळे पुसत होती. मी मात्र तिथं दाढी लावून उभा, आणि मला त्या माणसाचं डोकं एकदा धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. तसाच शेवटचा अभंग झाला. एकही माणूस उठून गेला नाही. बैठकीतले म्हातारे जागेवरूनच ओरडून सांगून मोकळे झाले की पुढच्या सालीही दंडारच होणार, आणि पोरांनीही मान डोलावली.

पडद्यामागं गेलो तर दुधराम गुडघ्यांत डोकं घालून बसलेला. नंदाबाई त्याला पाणी देत होती. पुढच्या साली मले बोलावू नोका, तो म्हणाला. मी त्याच्यासमोर बसलो आणि शांतपणे, अगदी शांतपणे समजावलं की दंडार वाचली ती तुझ्यामुळं, लोक रडले ते तुझ्यामुळं, मुन्नालालसारखा माणूस वाकला तो तुझ्यामुळं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

''तुमचं मन मोठं हाय भाऊ,'' तो म्हणाला, ''म्हून तुमी असं म्हणता.''

तेव्हा माझा तोल सुटला. ''नाही माह्यं मन मोठं!'' मी म्हणालो. ''होय, खराब केलं तू. राजाचं भाषण मोडलं, मुकुट मातीत गेला, लोकं खेळात घुसले. माह्या बापाची दंडार होती ते. आता ह्याची भरपाई पुढच्या साली येऊन करशील, का तोंड लपवून घरी बसशील?''

दुधरामनं मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला माझं बोलणं पटलेलं दिसलं. चेहऱ्यावर चक्क समाधान होतं.

''येतो ना भाऊ,'' तो म्हणाला. ''असं नुकसान करून कसा सोडून देईन?''

नंदाबाई पाण्याचा गडवा घेऊन उभी होती. तो उठून तोंड धुवायला गेला तेव्हा ती हळूच मला म्हणाली, ''भाऊजी, इतके साल हेच काऊन नाही सांगितलं?''

पुढच्या रविवारी त्या कार्टूनचा राहिलेला भाग पुन्हा लागला. लाईट होती. दाढीवाल्या म्हाताऱ्यानं हमालाला सगळं नीट सांगितलं, राक्षस कोणाला भितात, डोंगर कोणी धरला. हमालानं हात जोडून सगळं ऐकलं, छान हसला, आणि विचारलं की आता कोणाची पडशी उचलायची आहे. सोनिका हसून हसून लोळली. मी टीव्ही बंद केला. म्हणजे हा रोग जपानातही आहे.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी दुधराम दळण घेऊन चक्कीवर आला. पुढं एक म्हातारी डोक्यावर गहू घेऊन उभी होती, तिच्या गठुड्याला आधी हात लावून त्यानं ते उतरवलं, मग माझ्याकडं आला. खुशीत होता. म्हणाला, भाऊ, यंदासारखी चूक आता होणार नाही. चांगलं कोरडं तनस मी आतापासूनच बाजूला काढून ठेवलं आहे, कट्टा स्वतः भरीन आणि बैलांपासून दूर, घरात टांगून ठेवीन.

मी चक्की बंद केली. खरं सांगावं असं पुन्हा एकदा अगदी जिभेवर आलं, पण मी ते गिळलं.

''तनस नाही,'' मी म्हणालो. ''भरला कट्टा. धानाचा. ते तुही शिक्षा होय.''

दुधरामनं विचार केला. शिक्षा जरा जड आहे का, हे तो मनात तोलत असावा. मग त्यानं मान डोलावली. ''बरोबर हाय,'' तो म्हणाला, ''तेवढी त असलीच पायजे,'' आणि दळणाचा डबा माझ्यापुढं सरकवला.